चार जानेवारी, कोणाच्या वर्षी?

१

"हे ऐका," गिरीश म्हणाला, आणि मेणबत्ती जवळ ओढून त्याने हातातलं पान वाचायला सुरुवात केली.

सकाळचे अकरा वाजले होते, पण घरात मिट्ट काळोख होता. दिगंबरकाकांच्या शुगर लँडमधल्या त्या घराच्या सगळ्या खिडक्यांवर आदल्या दिवशी प्लायवूड ठोकलेलं. अलिशिया वादळाचा मुख्य जोर पहाटेच होऊन गेला होता, तरी अजून मधूनच छपरावरून काहीतरी फरफटत गेल्याचा आवाज यायचा. वीज गेली होती, फोन मुका झाला होता, आणि ड्राइव्हवेच्या टोकाला रस्ता होता तिथून गुडघाभर तपकिरी पाणी वाहत होतं. एसी बंद पडल्यामुळे ऑगस्टचा दमट उकाडा भिंतींना चिकटून बसला होता. प्लायवूड ठोकायला आलेले गिरीश आणि नरेंद्रही रात्री इथेच अडकले होते; घरात पाच माणसं होती आणि पाणी ओसरेपर्यंत एकालाही बाहेर पडता येणार नव्हतं.

"'गिरीश आणि कांचन यांच्या वर्षी, चार जानेवारी, मंगळवार,'" गिरीश वाचू लागला. "'आज प्लांटवर इन्स्पेक्शनला गेलो. तीन नंबरच्या पंपाचं सील गळतं आहे. श्रीरंगला बजावून सांगितलं, पंप आजच बंद कर. त्याने हसण्यावारी नेलं. म्हणाला, जूनच्या शटडाऊनला दुरुस्तीत बघू, तोवर सहज चालेल.'"

पद्मिनीच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. ती काकांना मऊ भात भरवत होती. श्रीरंग तिचा नवरा. मे महिन्यात त्याच तीन नंबरच्या पंपाला आग लागून तो गेला होता, आणि त्याच्याबरोबर एक टेक्निशियनही.

"हे कुठे मिळालं?" तिने विचारलं.

"काकांच्या रोजनिशीत. टॉर्चसाठी बॅटरी शोधत होतो, तर टेबलावर फाइल उघडीच." गिरीशने मान खाली घातली. तो प्लांटचा युनिट हेड, श्रीरंगचा साहेब. "मलाही वाईट वाटतंय, पद्मिनी. पण सोमवारी चौकशी समितीपुढे हे द्यावंच लागेल. मला लपवता येणार नाही."

पद्मिनीने काकांकडे पाहिलं. जुलैत त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली. सगळं कळायचं, बोलता मात्र येत नव्हतं. त्यांचे डोळे तिच्यावरच खिळले होते, आणि डाव्या गालावरून पाणी ओघळत होतं.

२

दिगंबरकाकांना सगळं ह्यूस्टन ओळखायचं ते त्यांच्या रोमन वेडामुळे. माणूस पंपांचा आणि पाइपांचा इंजिनियर, निवृत्त झाल्यावर प्लांटचाच सल्लागार. पण घरातली दोन कपाटं रोमच्या इतिहासाने भरलेली.

"रोमन लोक वर्षाला आकडा नाही, नाव द्यायचे," मराठी मंडळात ते कोणालाही गाठून सांगत. "दर वर्षी दोन कन्सल निवडून यायचे. राज्याचे दोन प्रमुख. पहिल्या जानेवारीला ते गादीवर बसले की त्या वर्षाला त्यांचं नाव. तुमचा जन्म कधीचा? अमुक आणि तमुक कन्सल होते, त्या वर्षीचा. दारूच्या सुरईवर तेच, खरेदीच्या कागदावर तेच. ही नावं ओळीने लिहिलेल्या याद्या संगमरवरावर कोरलेल्या असायच्या. यादी हरवली तर काळच हरवला!"

मग त्यांनी तीच रीत मंडळाला लावली. मंडळाचे अध्यक्ष आणि चिटणीस दर डिसेंबरात निवडले जात आणि पहिल्या जानेवारीला काम हाती घेत. तेच काकांचे दोन कन्सल. मागचं वर्ष राजीव आणि सुनेत्रा यांचं. काकांच्या पत्रांवर, रोजनिशीवर सनाचा आकडा कधी नसायचाच. लोक हसायचे, पण लोकांनाही सवय लागली. "आमची मुलगी ना, राजीवच्या वर्षी झाली," असं बायका सहज बोलून जात.

ती नावांची यादी दर वर्षी मंडळाच्या स्मरणिकेत छापली जायची, आणि मराठी टाइपरायटरवर ती टाइप करायची पद्मिनी. अकरा वर्षं काका शेजारी बसून एकेक नाव तपासायचे. एकदा तिची एक वेलांटी चुकली, तर सगळं पान पुन्हा करायला लावलं होतं.

ते आठवून ती अधिकच गोंधळली. असा काटेकोर माणूस खोटं कशाला लिहील? आणि त्या पानावरचं अक्षर काकांचंच होतं. गिरीशने प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते तिला दाखवलं तेव्हा तिने मेणबत्तीच्या उजेडात नीट पाहिलं. तोच उजवीकडे झुकलेला 'श्री', तीच लांब शेपटीची 'र'ची वळणं.

पण श्रीरंग? घराला कुलूप लावून गाडीत बसल्यावर, गॅस बंद केला का ते बघायला पुन्हा वर जाणारा माणूस गळतं सील हसण्यावारी नेईल?

"पाणी ओसरलं की मी निघतो," गिरीश पाकीट खिशात ठेवत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होईलसं दिसतंय."

म्हणजे संध्याकाळपर्यंतच वेळ होता.

३

दीपा, काकांची मुलगी, स्वयंपाकघरात फ्रिजमधल्या वितळलेल्या बर्फाचं पाणी टॉवेलने टिपत होती. वीस वर्षांची पोर, जन्म इथलाच.

"दीपा, मे महिन्यानंतर बाबांना भेटायला कोण कोण यायचं?"

"नरेंद्र काका एव्हरी संडे. ग्रोसरी वगैरे आणायचा." दीपा फरशीवर तशीच बसली. "गिरीश काका जस्ट वन्स. जूनमध्ये. दे क्लोज्ड द स्टडी डोअर. लाइक, टू अवर्स."

"काय बोलले?"

"आय डोन्ट नो, मावशी. पण बाबा डिडन्ट ईट दॅट डे. मी विचारलं तर म्हणाले, 'आय साइन्ड समथिंग इन जॅन्युअरी, आय शुडन्ट हॅव.' मला वाटलं इट वॉज टॅक्सेस ऑर समथिंग." तिने टॉवेल पिळला. "मावशी, डिड बाबा डू समथिंग बॅड?"

पद्मिनीने दीपाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गॅरेजकडे गेली.

नरेंद्र गॅरेजच्या दाराखालून येणारं पाणी अडवायला जुने गालिचे रचत होता. श्रीरंगच्या हाताखालचा इंजिनियर. श्रीरंग गेल्यापासून तो पद्मिनीच्या नजरेला नजर देत नव्हता. तिला वाटायचं, दुःखाने.

"नरेंद्र, चार जानेवारीला तू कामावर होतास?"

"असेन. आठवत नाही."

"काका इन्स्पेक्शनला आले होते, तो दिवस."

"वहिनी, प्लीज." त्याच्या हातातून गालिचा सुटला. "मला काही विचारू नका. माझं ग्रीन कार्ड अडकलंय. सगळे कागद गिरीशसरांच्या सहीने गेलेत. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर बायको-मुलीला घेऊन सरळ परत जावं लागेल." तो भिंतीला टेकला. "कुमार सुटला बघा. पाडवा झाला आणि दुसऱ्या राज्यात, बॉथेलला नोकरी घेऊन मोकळा झाला. प्लांट सोडला, मंडळ सोडलं. मंडळातली त्याची जागा गिरीशसरांनी घेतली. आम्ही मात्र इथेच अडकलोय."

पद्मिनी परत फिरली. पॅसेजमध्ये दोन पावलं टाकली आणि थबकली.

कुमारची जागा. पाडव्याला.

४

काकांच्या अभ्यासिकेत तिने दार लोटून घेतलं आणि मेणबत्ती टेबलावर ठेवली. रोजनिशी म्हणजे कड्यांची जाडजूड फाइल होती. कड्या उघडायच्या, पान काढायचं किंवा घालायचं, काम एका मिनिटाचं. गिरीशने ते एक पान नेलं होतं, पण बाकीची तिथेच होती.

तिने जानेवारी उघडला.

'कुमार आणि कांचन यांच्या वर्षी, दोन जानेवारी.' पुढचं पान, 'कुमार आणि कांचन यांच्या वर्षी, तीन जानेवारी.' मग एकदम पाच. तिथेही कुमार आणि कांचन.

घामाने बोटं कागदाला चिकटत होती. जानेवारीत गिरीश अध्यक्ष नव्हताच! डिसेंबरात चिटणीस कांचनबरोबर अध्यक्ष म्हणून निवडून आला होता कुमार. तो एप्रिलमध्ये गेल्यावर उरलेल्या वर्षासाठी गिरीशला बसवलं. चार जानेवारीला बसून कोणी 'गिरीशच्या वर्षी' असं लिहूच शकत नव्हतं. ते पान पाडव्यानंतर लिहिलेलं होतं.

पण मग सकाळी हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही? कारण आज अध्यक्ष गिरीशच होता. ऑगस्टमध्ये ऐकणाऱ्याला ते नाव खटकायचं कारणच नव्हतं.

ती भराभर पुढे गेली. एप्रिल, मे. तेरा मेच्या पानावर नुसती तारीख, खाली एक अक्षर नाही. आदल्या दिवशी श्रीरंग गेला होता. तिने ते पान क्षणभर तळहाताने झाकलं आणि मग उलटलं. जून. गिरीश अध्यक्ष होऊन दोन महिने झाले होते, तरी प्रत्येक पानावर कुमार आणि कांचनच.

तिला यंदाच्या स्मरणिकेच्या वेळची गंमत आठवली. नव्या अध्यक्षाचं नाव वर्षाला द्या, असा गिरीशने हट्ट धरला होता. काका म्हणाले होते, "नाही चालायचं. रोममध्ये मधेच दुसरा कन्सल बसला तरी वर्ष पहिल्यांच्याच नावाने ओळखायचे. तुमची खुर्ची खरी, पण वर्ष कुमारचं." सगळे हसले होते. गिरीशही हसला होता, पण कानांच्या पाळ्या लाल करून.

म्हणजे सबंध फाइलमध्ये गिरीशचं नाव वर्षाला दिलेलं पान एकच. तेच, जे त्याच्या खिशात होतं. अकरा वर्षांत वेलांटी न चुकलेला माणूस वर्षाचं नाव चुकेल?

आणि मग तिला काकांनीच गणपतीत सांगितलेला किस्सा आठवला. एका वर्षी सीझर आणि बिब्युलस असे दोन कन्सल होते. सीझरच्या माणसांनी बिब्युलसला भर चौकात मारहाण केली. तेव्हापासून तो वर्ष संपेपर्यंत स्वतःच्या घरात कोंडून राहिला, आणि सीझर एकटाच राज्य हाकू लागला. उघड बोलायची सोय नव्हती. मग रोममधल्या खट्याळ लोकांनी कागदांवर वर्ष लिहायला सुरुवात केली: 'ज्युलियस आणि सीझर यांच्या वर्षी.' एकाच माणसाची दोन नावं. तारखेच्या जागी तारीखच होती, पण वाचणाऱ्याला कळायचं की इथे खरा कारभार कोणाचा चालला आहे.

तिने फाइल छातीशी धरली आणि ती काकांकडे गेली.

५

काका चाकाच्या खुर्चीत तसेच बसले होते. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. 'हो' असेल तर ते हात दाबत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, ते पान तुमच्याच हातचं आहे?"

हात दाबला गेला.

"चार जानेवारीला लिहिलंत?"

हात निश्चल.

"जूनमध्ये? गिरीशराव आले होते त्या दिवशी?"

हात दाबला गेला. काकांच्या घशातून घरघर आली.

पद्मिनीला पुढचा प्रश्न विचारवेना. उत्तर काहीही आलं तरी त्यातून सुटका नव्हती. चूक म्हणाले तर श्रीरंगवरचा डाग पुसायला हाती काही उरत नव्हतं. मुद्दाम म्हणाले तर ज्या माणसाला ती सहा आठवडे भरवत होती, त्याने तिच्या मेलेल्या नवऱ्याविरुद्ध जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं.

"वर्षाचं नाव चुकून लिहिलंत का?"

काकांनी हात झटक्यात ओढून घेतला.

"मग मुद्दाम? मला कळावं म्हणून?"

त्या म्हाताऱ्या हाताने तिची बोटं इतक्या जोरात आवळली की ती कळवळली. आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

"आजारी माणसाला का छळतेस, पद्मिनी?"

गिरीश दारात उभा होता. खोलीला दुसरं दार नव्हतं.

६

"नरेंद्र! दीपा!" पद्मिनीने मोठ्याने हाका मारल्या. दोघं धावत आली तेव्हा ती उठून उभी होती.

"गिरीशराव, ते पान पुन्हा वाचा. फक्त पहिली ओळ."

"काय लावलंयस हे?"

"वाचा ना. सकाळी तर खणखणीत वाचलंत."

त्याने पाकीट काढलं, पण वाचलं नाही. पद्मिनीनेच ओळ म्हणून दाखवली, मग फाइल उघडून तीन जानेवारीचं पान नरेंद्रपुढे धरलं, पाच जानेवारीचं दीपापुढे. मग जूनची पानं. छतातून गळणारं पाणी बादलीत टपटपत होतं.

"जूनमध्ये तुम्ही दार बंद करून यांना हे लिहायला लावलंत," ती म्हणाली. "चार जानेवारीचं खरं पान काढून घेतलंत. यांनी जानेवारीत कसल्यातरी कागदावर सही केली होती, त्याचा धाक घातलात. यांनी तुम्ही सांगितलं तसं लिहिलं. पण वर्षाला नाव दिलं तुमचं. तुम्हाला ते खटकलं नाही. तुम्हाला ते हवंच होतं."

गिरीशचा चेहरा ओढल्यासारखा झाला. तरी तो सावरला. "वय झालं होतं काकांचं. विसरले असतील. आणि झटका आलेल्या माणसाने हात दाबला, ही काय साक्ष झाली? समिती हसेल तुला."

ते खरं होतं. पद्मिनीलाही माहीत होतं. ती नरेंद्रकडे वळली. नरेंद्र जमिनीकडे बघत होता.

"मी केबिनमध्ये होतो," तो शेवटी म्हणाला.

"नरेंद्र," गिरीश हळू आवाजात म्हणाला, "विचार करून बोल."

"सात महिने तेवढंच करतोय, सर." नरेंद्र पद्मिनीकडे वळला. "वहिनी, काका चार तारखेला सरांच्या केबिनमध्ये आले होते. म्हणाले, पंप आजच्या आज बंद करा. सर म्हणाले, जूनच्या शटडाऊनपर्यंत चालवू, तुम्ही इन्स्पेक्शनच्या फॉर्मवर सही करून टाका. काकांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सही केली. श्रीरंगला कोणी बोलावलंच नाही. त्याला सीलचं काही माहीतच नव्हतं. तो बिचारा आगीच्या दिवशी पंप ठीक समजून जवळ गेला."

दीपाने वळून बाबांकडे पाहिलं. तीन महिने पद्मिनीने रोज मनात तो दिवस उलटापालटा केला होता, आणि त्यातला सगळ्यात साधा भाग तिला आज कळत होता.

गिरीशने पान पाकिटातून काढून मेणबत्तीजवळ नेलं.

"जाळा," पद्मिनी म्हणाली. "श्रीरंगविरुद्ध तुमच्याकडे तेवढं एकच पान आहे. ठेवलंत तर त्यावर तुमचं नाव आहे."

तो तसाच उभा राहिला. मग एकदम वय वाढल्यासारखा खुर्चीत बसला आणि पान टेबलावर टाकलं. "मलाही वरून फोन होता," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "प्रॉडक्शन थांबवू नका म्हणून. मला खरंच वाटलं होतं, चालेल पाच महिने."

पाणी ओसरायला अजून तीन तास होते, आणि ते तीन तास त्या पाच जणांना त्याच घरात, एकमेकांचे श्वास ऐकत काढावे लागले. नरेंद्र दाराशी बसून राहिला, मांडीवर फाइल घेऊन. दीपाने दोनदा सगळ्यांना पाणी दिलं. गिरीशलाही दिलं. साडेचारच्या सुमाराला फुटपाथची कड दिसायला लागली तेव्हा तो उठला, बूट हातात घेतले आणि पाण्यातून चालत गेला.

७

सोमवारची बैठक वादळामुळे पुढे गेली. ती झाली तेव्हा नरेंद्रने साक्ष दिली. त्याच रात्री त्याच्या बायकोने बॅगा काढून ठेवल्या, पण त्यांना जावं लागलं नाही. दुसऱ्या कंपनीने त्याचे ग्रीन कार्डचे कागद हाती घेतले. एक अमेरिकन वकील पद्मिनीला तासभर विचारत होता की वर्षाला माणसांची नावं का, आणि ती शांतपणे सांगत होती. शेवटी तो म्हणाला, म्हणजे ही तारीखच साक्षीदार आहे तर. गिरीशची नोकरी गेली आणि त्याच्यावर खटला उभा राहिला.

पद्मिनी मात्र काकांकडे फिरकली नाही. सप्टेंबर गेला, गणपती गेले. दीपा फोन करायची, "मावशी, बाबा दाराकडे बघत असतात." पद्मिनी म्हणायची, "हो, बघू." कधी तिला वाटे, त्या माणसाने कोंडीत सापडूनही तिच्यासाठी फट ठेवली. कधी वाटे, त्याने जानेवारीत तिसऱ्यांदाही नाही म्हटलं असतं तर श्रीरंग आज घरी असता. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींपैकी एकही तिला झोपू देत नव्हतं.

नोव्हेंबरात समितीचा अहवाल आला. श्रीरंगवर कोणताही ठपका नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तिने एक प्रत नागपूरला सासऱ्यांना पाठवली आणि दुसरी घेऊन, न कळवता, शुगर लँडला गेली.

काका खिडकीशी बसले होते. प्लायवूड कधीच निघालं होतं, दुपारचं ऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. तिने खुर्ची ओढली आणि अहवाल वाचायला घेतला, पहिल्या पानापासून, मराठीत सांगत सांगत. अकराव्या पानावर एक परिच्छेद होता. 'सल्लागार इंजिनियरने धोका ओळखूनही दबावाखाली सही केली. ती केली नसती तर दोन जीव वाचले असते.' पुढे काकांचं नाव.

तिथे ती थांबली. काकांचे डोळे तिच्यावर होते. दाराशी दीपा उभी होती, तिने ओठ घट्ट मिटले.

पद्मिनीने तो परिच्छेद वाचला. एकही शब्द गाळला नाही, आवाजही खाली केला नाही. मग अहवाल मांडीवर ठेवून तिने काकांचा डावा हात हातात घेतला.

"पुन्हा वाचू?" तिने विचारलं.

काकांनी हात दाबला.